कीबोर्ड कोणता ठेवू?

अक्का टायपिंगच्या क्लासला जायची तेव्हा तिथे शिकणाऱ्याच्या हातांवर फडकं टाकत. फडक्याचं एक टोक मशीनच्या वरच्या कडेला खोचलेलं आणि दुसरं शिकणाऱ्याच्या मानेमागे बांधलेलं. हात आणि बटणं दोन्ही आत झाकलेली. बोटांनी आपापली बटणं आत शोधायची आणि डोळ्यांनी फक्त शेजारचा कागद वाचायचा. धुळ्याहून संध्याकाळच्या गाडीने घरी येऊन अक्काने हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आई भाकरी थापता थापता म्हणाली, "टायपिंगले गयती का न्हावीकडे?"

आमचं गाव सोनगीरजवळ, आग्रा रोडपासून थोडं आत. घरी मशीन असण्याचा प्रश्नच नव्हता. अक्काने शर्टाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर बटणं आखून घेतली होती. पुठ्ठा मांडीवर ठेवून, समोरच्या भिंतीकडे बघत ती बोटं चालवायची. मी शेजारी अभ्यासाला बसलेला असायचो. पहिली वेलांटी आधी, अक्षर मागून. अर्धं अक्षर आधी, काना मागून, असं ती ओठांतल्या ओठांत म्हणायची. टाइपरायटरवर मराठी अक्षर असं तुकड्यातुकड्यांनी जोडावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. पुठ्ठ्यावरची बटणं बोटांच्या घामाने पुसट झाली तरी तिने ती पुन्हा आखली नाहीत. म्हणायची, "मन्हा बोटेस्ले डोया शेतस." माझ्या बोटांना डोळे आहेत.

अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. दहावीला ती इंग्रजीत गेली होती. बाकी सगळ्या विषयांत चांगली पास होती. ऑक्टोबरला पुन्हा बसायचं ठरलं, पण तेव्हा कपाशीची वेचणी सुरू झाली आणि ते राहिलं ते राहिलंच. तिचं इंग्रजीचं गाईड आईने पेटीत जपून ठेवलं. मी दहावीत गेल्यावर ते माझ्याकडे आलं. त्यात जागोजागी अक्काने शब्दांचे उच्चार मराठीत लिहून ठेवले होते. 'नाईफ'च्या शेजारी तिने लिहिलं होतं, 'के लिहायचा, बोलायचा नाही.' मी त्याच गाईडवर अभ्यास करून इंग्रजीत पास झालो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला.

अक्काने मराठी टायपिंग निवडलं त्याचं कारण तिने एकदाच सांगितलं होतं: त्याला इंग्रजी लागत नाही. सरकारी परीक्षा ती पहिल्या खेपेला पास झाली आणि धुळ्याला जिल्हा कचेरीजवळच्या नानांच्या दुकानात कामाला लागली. नाना आमचे नात्यातले नव्हते, पण सगळेच त्यांना नाना म्हणत. दुकान स्टेशनरीचं, आत एका बाजूला टायपिंग. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, ग्रामपंचायतीचे ठराव. लोक बाकावर बसून आपली तक्रार तोंडी सांगायचे आणि अक्का ती ऐकता ऐकता अर्जाच्या भाषेत टाइप करायची. एखादा म्हातारा शेजाऱ्याला शिव्या घालू लागला की ती मान वर न करता म्हणायची, "बाबा, हे साहेबांना सांगायचं का मलाच?" दुकानात तिची खुर्ची दारासमोर होती. आत येणारा माणूस आधी तिला दिसायचा आणि तोही आधी तिलाच बघायचा. मला जळगावच्या होस्टेलवर दर महिन्याला जे काही यायचं त्यात त्या खुर्चीचा वाटा होता. हे घरात कुणी बोलून दाखवत नसे.

कॉलेजात कॉम्प्युटर हा माझा एक विषय होता. लॅबबाहेर चपला काढून ठेवायच्या, आत पडदे लावलेले, मशीनवर प्लास्टिकची आवरणं. एका मशीनवर आम्ही तिघं बसायचो, त्यामुळे माझा हात बटणाला लागण्याची पाळी कमीच यायची. मला डॉसच्या थोड्या आज्ञा येत होत्या आणि एक लहानसा प्रोग्राम लिहिता येत होता. पण गावात मात्र असं झालं होतं की मी कॉम्प्युटरवाला. मीही ते फारसं खोडून काढलं नाही.

मी शेवटच्या वर्षाला असताना नानांनी कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. कचेरीच्या रस्त्यावर आणखी एका दुकानात तो आला होता. नाना मला म्हणाले, "तू सांगशील तो घेऊ. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही." ते सकाळच्या गाडीने जळगावला आले. अंगात धुतलेला सदरा, हातात कापडी पिशवी, जणू कॉम्प्युटर तिच्यातूनच न्यायचा होता. मी त्यांना एका दुकानात घेऊन गेलो. दुकानदार तरुण होता, टाय घातलेला. मला त्याच्यासमोर थोडं दबल्यासारखं झालं.

नानांना रंगीत पडदा हवा होता. मी म्हटलं, "नाना, आपल्याला अर्ज छापायचे आहेत. काळापांढरा पुरे. त्यापेक्षा प्रिंटर चांगला घेऊ." दुकानदाराने मान डोलावली. नानांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला आजही ती आठवते. माझं कुणी ऐकतंय, आणि तेही इतक्या मोठ्या खरेदीत, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. स्टॅबिलायझर कोणता, फ्लॉपी किती, सगळं ते मलाच विचारू लागले.

मग दुकानदाराने मराठीचं पॅकेज दाखवलं. त्याच्याबरोबर काडेपेटीएवढं एक लॉक यायचं. ते मशीनच्या मागे लावलं तरच मराठी चालणार. ते दाखवून झाल्यावर त्याने विचारलं, "कीबोर्ड कोणता ठेवू? एक टाइपरायटरसारखा आहे. दुसरा फोनेटिक. इंग्रजी अक्षरावरून मराठी अक्षर. के दाबला की क."

त्याने मला बसवलं. मी इंग्रजी बटणं दाबत आमच्या गावाचं नाव लिहिलं. आमच्या गावाचं नाव असं उजळलेल्या अक्षरांत मी कधी पाहिलं नव्हतं. मग नाना बसले. दुकानदार सांगेल तसं एका बोटाने दाबत गेले आणि पडद्याच्या वरच्या बाजूला 'श्री' उमटला. नानांनी हात जोडले. खरंच जोडले.

"तुमच्याकडे कुणी टायपिस्ट आहे का?" दुकानदाराने विचारलं. "असेल तर टाइपरायटरचा ठेवतो."

"आहे ना. याचीच बहीण," नाना म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "काय भो, काय करायचं?"

मी म्हटलं, "फोनेटिकच ठेवा. ती शिकेल आठवड्यात."

त्या क्षणी माझ्या मनात काय होतं, ते मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. टाइपरायटरचा म्हणजे जुना, असं वाटलं असावं. सुट्टीत गेल्यावर मलाही बसता येईल, हेही होतं. पण अक्का मनात नव्हती असं नाही, आणि हेच मला जास्त लागतं. ती होती. ती त्या नव्या मशीनसमोर बसली आहे, मी तिच्या खुर्चीमागे उभा राहून तिला शिकवतोय, आणि दारातून आत येणारी माणसं ते बघतायत, असं चित्र मला स्पष्ट दिसलं होतं.

कॉम्प्युटर आला. नारळ फुटला, पेढे वाटले गेले. संध्याकाळी दुकान बंद करताना नाना ते लॉक काढून सदऱ्याच्या खिशात घालून घरी नेऊ लागले. पहिल्या रविवारी मी जळगावहून शिकवायला आलो. अक्का खुर्चीवर ताठ बसली, शेजारी हाताने लिहिलेला एक अर्ज ठेवला, त्याच्याकडे पाहत तिने एक अख्खी ओळ टाइप केली आणि मग पडद्याकडे बघितलं. तिथे काहीतरी भलतंच उमटलं होतं. तिने खाली बटणांकडे पाहिलं. अक्काला बटणांकडे बघताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"क कोठे शे?" तिने विचारलं. आम्ही दोघं असलो की ती घरच्याच बोलीत बोलायची.

"के दाब."

"आनि ख?"

"शिफ्ट धरून के."

"च?"

"सी."

ती थांबली. "सी ना क बी व्हस, स बी व्हस. आठे च कसा?"

"इथं तसंच आहे, अक्का."

"म्हंजे हाई इंग्रजी शायमाबी खोटी, आठेबी खोटी," असं म्हणून ती हसली. शाळेतही खोटी, इथेही खोटी. मीही हसलो. क लिहायला आधी के आठवायचा. मराठीला इंग्रजी लागत नाही म्हणून जे ती शिकली होती, त्याच्या दारात मी पुन्हा इंग्रजी आणून बसवली होती. आणि मी हे तिथे, तिच्या खुर्चीमागे उभा असताना ओळखलं. जळगावच्या दुकानात नाही.

मी छोट्या चिठ्ठ्या कापून त्यांवर मराठी अक्षरं लिहिली आणि बटणांवर चिकटवली. पुढच्या रविवारी आलो तर एकही नव्हती. "चिठ्ठ्या वाचीसन टायपिंग करतस का कोनी?" ती म्हणाली. खाली पाहून टाइप करणं तिला जमत नव्हतं, असं मी लोकांना सांगायचो. खरं म्हणजे तिला ते करवत नव्हतं. ज्यासाठी तिच्या हातांवर फडकं बांधलं गेलं होतं, ते सगळं सोडून पहिलीच्या पोरासारखं बोट फिरवत बसायचं. एका अर्जाला तिला पूर्वीच्या तिप्पट वेळ लागायचा, आणि बाकावरचा माणूस घड्याळ बघू लागला की तिचं बोट आणखी चुकायचं.

तेवढ्यात नानांचा भाचा आला. बारावीत नापास झालेला, घरी बसून होता. नानांची बहीण त्यांना म्हणाली होती, त्याला तुझ्या हाताखाली घे. तो दोन बोटांनी टाइप करायचा, पण के, सी, शिफ्ट याचा त्याला काही त्रास नव्हता. आठवड्यात शिकला. मी दुकानदाराला सांगितलेला तो आठवडा असा खरा झाला.

मग खुर्च्या हलल्या. कॉम्प्युटरच्या टेबलाला पंख्याखालची जागा हवी म्हणून अक्काचं मशीन ओट्यावर, दाराच्या एका बाजूला गेलं. आत येणारा माणूस आता तिच्या पाठीवरून जायचा. कुणी तिच्याजवळ थांबलाच तर अवघडून म्हणायचा, "ताई, कॉम्प्युटरवरच करून द्या ना. साहेब ते आधी वाचतात म्हणे." अक्का स्वतः उठून त्याला आत पोहोचवायची.

भाचा वाईट नव्हता. थोडा फाजील होता. एकदा माझ्यासमोर म्हणाला, "अक्का, तुमच्या मशीनचा केवढा आवाज. मला आत लग्नपत्रिका सुचत नाही."

"तुला न सुचायला माझं मशीन कशाला लागतं?" अक्का बाहेरून म्हणाली. नाना पोट धरून हसले. भाचाही हसला. पण त्या दिवशी मी तासभर बसलो होतो आणि तेवढ्या वेळात तिच्या मशीनवर एकही कागद चढला नव्हता.

ती मला कधी काही म्हणाली नाही. घरी गेलो की ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर पुढे ठेवून परीक्षा कधी आहे ते विचारायची. तिने मला बोल लावला असता तर मला त्यावर काहीतरी उत्तर देता आलं असतं. मी मनात उत्तरं तयारही करून ठेवली होती. ती तशीच राहिली. जळगावला लॅबमध्ये माझी पाळी आली की मी बटणांवर हात ठेवायचो आणि के समोर दिसायचा.

शेवटी मी एकटाच त्या दुकानात गेलो. टायवाल्या दुकानदाराला विचारलं, एकदा घेतलेला कीबोर्ड बदलून मिळतो का, त्याचे वेगळे पैसे पडतील का. तो म्हणाला, "अहो, बदलून कशाला? दोन्ही त्यातच आहेत. सेटिंगमध्ये जायचं आणि एक आकडा बदलायचा." त्याने करून दाखवलं. त्याच्या दाराशी मला बूट काढायला जितका वेळ लागला होता त्याहूनही कमी वेळ लागला. "मी विचारलं होतं तुम्हाला," तो सहज म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी धुळ्याला आलो. नानांना सांगितलं, परवानगी घेतली आणि तो आकडा बदलला. अक्काला आत बोलावलं. ती आधी येईना. मग आली, बसली, शेजारी अर्ज ठेवला. तिची बोटं सुरू झाली आणि पडद्यावर अर्ज उतरू लागला, माननीय महोदयपासून सहीच्या जागेपर्यंत. कॉम्प्युटरची बटणं मऊ होती, पण अक्का ती टाइपरायटरसारखीच दणकून मारत होती. प्रत्येक ओळ संपली की तिचा डावा हात वर जायचा, टाइपरायटरचा दांडा ढकलायला, आणि हवेत राहायचा. दुसऱ्यांदा तसं झालं तेव्हा भाचा हसला. अक्काही हसली. खूप दिवसांनी मी तिला त्या दुकानात तसं हसताना पाहिलं. मला वाटलं, झालं, मिटलं.

मिटलं नव्हतं. मशीन एक, बसणारे दोन. अक्का सकाळी आपला आकडा लावायची आणि भाचा आल्यावर स्वतःचा. कुणी बदलायचं विसरलं की दुसऱ्याची ओळ वाया. एकदा भाच्याने गिऱ्हाइकासमोर आवाज चढवला. अक्कानेही चढवला. नानांनी निरोप पाठवून मला बोलावून घेतलं. मी पोहोचलो तेव्हा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. नाना गल्ल्यावर, भाचा कॉम्प्युटरपाशी, अक्का दारात.

नाना म्हणाले, "एका म्यानात दोन तलवारी मला नकोत. तूच निवडून दिलं होतंस हे. आता तूच सांग, कोणता ठेवू?"

दुकानदाराने विचारलं होतं तेच. फक्त या वेळी मला माहीत होतं की ते कीबोर्डबद्दल नाही. माझ्या तोंडून 'टाइपरायटरचा' हा एक शब्द बाहेर पडायला हवा होता. मी म्हणालो, "नाना, त्याला उपाय आहे. मी एक छोटी फाइल बनवून देतो. एक शब्द टाइप केला की हिचा कीबोर्ड येईल, दुसरा टाइप केला की त्याचा." आणि मी ते सांगतच सुटलो. फाइलचं नाव काय ठेवता येईल इथपर्यंत मी गेलो होतो.

"मी ते विचारत नाहीये," नाना हळू आवाजात म्हणाले. त्यांना भाच्याकडे बघवत नव्हतं आणि अक्काकडेही. बहिणीने विश्वासाने पाठवलेलं पोर होतं ते. मला ते समजत होतं. मला सगळ्यांचंच समजत होतं, म्हणून मी काहीच बोललो नाही.

तेव्हा अक्का म्हणाली, "नाना, त्याचाच राहू द्या. मला माझं मशीन द्या, मी ते घेऊन घरी जाते."

नानांनी ते लगेच दिलं, नवीन रिबन घालून. त्यांना सुटल्यासारखं झालं असावं. आणि खरं सांगायचं तर मलाही झालं. मी आणि अक्का ते जड मशीन गोधडीत गुंडाळून एस्टीत घेऊन आलो. कंडक्टरने विचारलं, "काय आहे?" अक्का म्हणाली, "लेकरू शे. झोपेल शे, हालवू नका." कंडक्टर हसला आणि सीटखाली जागा करून दिली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात अक्काचं लग्न झालं. सासर शिंदखेड्याचं. तहसील कचेरीच्या फाटकाशी एका लिंबाखाली टेबल टाकून ती बसू लागली. सासू कौतुकाने सांगायची, आमची सून मशीनसकट आली. तिथे अजून कॉम्प्युटर नव्हता. काही वर्षं तिचं बरं चाललं.

मी त्याच वर्षी जळगावला टायपिंगच्या क्लासला नाव घातलं. कॉम्प्युटर शिकलेला मुलगा टाइपरायटर शिकायला का येतो, हे तिथल्या सरांना कळेना. होस्टेलवरचे मित्र म्हणायचे, "लेका, लोक पुढे जातात, तू मागे चाललास." मी मानेला फडकं बांधून बसायचो. पहिली वेलांटी आधी, अक्षर मागून. माझी बोटं जाड होती, आणि मला सारखं खाली बघावंसं वाटायचं. परीक्षेत जेमतेम निघालो. याने काही फिटलं असं मला वाटलं नाही. पण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं, म्हणून हे केलं.

पुढे जळगावलाच नोकरी लागली. काही वर्षांनी मी जोडणी करून घेतलेला एक कॉम्प्युटर घरी आणला. रंगीत पडदा, माऊस, विंडोज. मराठीसाठी त्यात मी टाइपरायटरचाच कीबोर्ड ठेवला. माझ्याकडे येणाऱ्या कुणालाच तो चालवता यायचा नाही. ऑफिसातले लोक म्हणायचे, "अहो, हा काय जुना बाजार?" मी म्हणायचो, सवय आहे. बायकोलाही मी तेच सांगितलं होतं.

तोवर शिंदखेड्यालाही कचेरीसमोर कॉम्प्युटरची दुकानं झाली होती. अक्काच्या मशीनला रिबन मिळेनाशी झाली. लिंबाखालचं टेबल आधी दुपारपुरतं उरलं, मग बाजाराच्या दिवसापुरतं. मशीन तिने घरी नेऊन झाकून ठेवलं. हे मला तिच्या नवऱ्याकडून कळलं.

त्या दिवाळीत भाऊबीजेला ती माझ्याकडे आली. बरोबर तिची मुलगी, पहिलीत जाणारी. ओवाळणं झालं, जेवणं झाली. मी कॉम्प्युटर सुरू करून ठेवला होता, मराठी उघडून. "अक्का, बस," मी म्हटलं. तिने पदराला हात पुसले आणि बसली. पडद्याकडे बघत तिने काहीतरी टाइप केलं, भरभर, न थांबता. 'मी अर्जदार खालीलप्रमाणे विनंती करते की' इथपर्यंत गेली आणि थांबली. डावा हात थोडा वर गेला होता, तो तिने मांडीवर ठेवला. "हाई तर तोच शे," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्याकडे बघून मला वाटलं, एवढ्यासाठी इतकी वर्षं ठेवला, ते बरं झालं.

मग मुलगी तिच्या मांडीवर चढली. तिलाही बसायचं होतं. तिने एक बटण शोधून दाबलं आणि माझ्याकडे पाहिलं. "मामा, के दाबला तर क का नाही आला? शाळेत येतो." तिच्या शाळेत कॉम्प्युटर होता.

"तिन्हासाठी बदली दे," अक्का म्हणाली.

मी म्हटलं, "हा तुझ्यासाठी ठेवलाय."

"मन्हासाठी? मी आठे वरीसमा एकडाव येस." ती हसत होती. मग हसता हसता माझ्याकडे नीट बघू लागली. "तू आजून तेच धरी बसना का?"

मी माऊस उगाच पुढेमागे सरकवला. अक्का म्हणाली, "बदली दे, भाऊ. पोरले ते येस."

मी सेटिंगमध्ये गेलो आणि बदलला. पुन्हा तेवढाच वेळ लागला. मुलीने मान खाली घालून, बटणांवर जवळजवळ नाक टेकवून, शिफ्ट धरून आधी ए शोधला, मग आय. पडद्यावर 'आई' उमटलं. ती टाळ्या वाजवू लागली. अक्का त्या शब्दाकडे बघत राहिली. "इतलं सोपं शे?" ती म्हणाली. मला विचारत होती की स्वतःशी बोलत होती, ते मला कळलं नाही.

मुलगी पुढचं बटण शोधायला पुन्हा वाकली. अक्काचा हात आपोआप पदराकडे गेला. तिने पदराचं टोक उचलून मुलीच्या हातांवर टाकलं. "खाले देखू नको," ती म्हणाली. मुलीची बोटं आत चाचपडली आणि थांबली. तिने गोंधळून आईकडे पाहिलं.

अक्काने पदर काढून घेतला. "देख, बेटा," ती म्हणाली. "देखीसन लिख."